बेन, तुम्ही सहीच्या जागेवर हात ठेवलात

पोराच्या शाळेच्या आदरणीय बेन,
सप्रेम नमस्कार.

हे चारचौघांत लिहितेय, कारण समोर बोलायला गेलं की तुम्ही "एमां शुं थयुं!" (त्यात काय झालं!) म्हणून विषय बदलता.

जळगाव जिल्ह्यातून आम्ही बडोद्याला आलो तेव्हा पोराचा दाखला गावच्या शाळेत अडकला होता. घराजवळच्या एका शाळेत ऑफिसातल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "एल.सी. लावो, पछी वात." म्हणजे आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा, मग बोलू. दुसरीकडे साहेब म्हणाले, मराठी मीडियमचं पोर घेतलं तर आमचा रिझल्ट बिघडेल. पोरासमोर म्हणाले! रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "आई, मी काय बिघडवलं गं?" दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. साहेबांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. समोर फॉल-बिडिंग करणारी बाई बसली की त्यांना आठवत नाही, एवढंच.

आणि हे बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला दंड व्हायचा. बाबासाहेबांना 1913 साली अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली ती याच गादीने. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल इंग्रजांच्या कौन्सिलात मांडलं, ते 1912 ला पडलं. देशभर कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडलं. महाराजांच्या वेळी पोर धाडत नाही म्हणून दंड. आता आईबाप पोराला घेऊन दारात उभे, तर आतला माणूस म्हणतो उद्या या.

तुम्ही तुमच्या शाळेत पोराचं नाव लिहून घेतलंत आणि त्याला वर्गात बसवलंत. दाखला मागाहून आला. त्याचे आभार आहेतच.

पण मला सारखी आठवते ती ठराव बुकाची गोष्ट. एस.एम.सी.त, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीत, मला घेतलंत. समितीत चारात तीन पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून माझा नंबर लागला असेल असंच मी धरून चालले होते. सभा संपली, बुक फिरत आलं. मी पेन उघडलं. आजवर कुठेही गेलं की बोट दाखवतात, "इथे सही, ताई, इथे पण, लवकर." तुम्ही सहीच्या मोकळ्या जागेवर तळवा ठेवलात आणि म्हणालात, "पहेलां वांचो." आधी वाचा.

मी वाचायला लागले. गुजराती अक्षर अजून अडखळत लागतं. बाकीचे चपला शोधत होते, एक काका घड्याळ बघत होते. तुमचा हात तिथेच. मध्ये एकदाही मला शब्द पुरवला नाहीत, घाईही केली नाहीत. तिसऱ्या ओळीत होतं की ग्रँटच्या खर्चाचा हिशेब सभासदांना वाचून दाखवला. मी म्हटलं, "बेन, हा तर वाचला नाही." सगळे गप्प. मला वाटलं, झालं, आता पोराला भोगावं लागणार. तुम्ही कपाटातून फाइल काढलीत, सगळ्यांना परत बसवलंत आणि खडू, फिनाइल, नळाची दुरुस्ती असं एकेक वाचून दाखवलंत. मग हात उचललात.

मतदान मी अठराव्या वर्षापासून करते. तरी सरकारी कागदाने माझ्यासाठी थांबावं, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. पोरगा दारात उभा राहून बघत होता. नागरिकशास्त्राचा धडा तो अजून पाठच करतो, पण आता घरी गॅसची पावती आली तरी म्हणतो, "आधी वाच."

सज्जन माणसं असतात हो. पोस्टात एक बाई आहेत, फॉर्म भरून झाला की पुन्हा वाचून दाखवतात. वाडीतले आमचे रिक्षावाले काका सुट्टे नसले तर उद्या घेईन म्हणतात. अशांच्या बातम्या होत नाहीत. त्या रिझल्टवाल्या साहेबांचा मात्र शिक्षकदिनाला सत्कार झाला, फोटो बघितला मी.

आता आभारपत्रात बरं दिसत नाही, पण लिहितेच. पुढची सभा नवरात्रीच्या आधी नको, चणिया-चोळीचं काम अंगावर असतं. आणि पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचं, असं मागच्या ठरावात आपण लिहिलं आहे. मी वाचूनच सही केली होती. झाकण अजून आलेलं नाही.

आपली,
सहावीतल्या पोराची आई
वाडी, बडोदे