आबा, आमच्या होडीचे इंजिन पुन्हा पाण्यावर आहे

आदरणीय आबा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आले असते, परंतु मी ते मुद्दाम उघडपणे लिहीत आहे. आमच्या होडीचे बंद पडलेले इंजिन दुरुस्त करायला सलग सात रविवार तुम्ही भुसावळहून स्कूटरवर आमच्या अंगणात आलात आणि पैशांचा विषय निघाला की पान्यांची पिशवी आवरायला घेतलीत. आमच्या घरात मासळीखेरीज कोणाला देण्यासारखे काही नसते आणि तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तेव्हा तुम्ही नेमके काय केले, हे चार लोकांना वाचता येईल असे लिहून ठेवावे, एवढेच माझ्या हाती उरले.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो आणि पुढे हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी इतके पसरते की समोरच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. त्या पाण्यावर आमचे आप्पा आयुष्यभर जाळे टाकत आले. चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की भरलेली होडी वल्ह्यांवर परत आणताना त्यांचा खांदा धरायचा. म्हणून त्यांनी मुंबईकडच्या एका कोळी कुटुंबाकडून आठ हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक इंजिन जुनेच विकत घेतले होते. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे, दोरी ओढून सुरू करायचे आणि दांडा हातात धरून वळवायचे, असे ते साधे यंत्र. ते एके दिवशी पाण्यातच बंद पडले, गोठ्यात पोत्याखाली गेले आणि अकरा वर्षे तिथेच राहिले.

तुमच्याआधी एका कारागिराला मी ते दाखवले होते. त्याने जाम झालेले फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक, फिरावे म्हणून कडेवर हातोडा मारला, कडेचा टवका उडवला आणि मग भंगारात द्या म्हणून सांगितले. त्याचे नाव घेण्याची मला गरज वाटत नाही, पण त्या टवक्यामुळेच तुमची माझी भेट झाली. भुसावळच्या एका लेथवाल्याकडे मी तो भाग भरून मिळेल का विचारत होतो, तुम्ही बाकावर चहा पीत बसला होतात, आणि इंजिन कशाचे आहे एवढेच विचारून लगेच म्हणालात, “रविवारी येतो. तोवर दोरी ओढायची नाही.”

पहिल्या रविवारी तुम्ही एकही नट सोडवला नाहीत, हे मला आजही आठवते. इंजिन आडवे निजवून, प्लगची भोके वर येतील असे टेकू लावून, दोन्ही सिलिंडरमध्ये निम्मे डिझेल आणि निम्मे ऑइल ओतलेत आणि घरी गेलात. मी शाळेतून आल्यावर रोज फ्लायव्हील फक्त दोन्ही हातांनी हलवून पाहायचे, पाना लावायचा नाही, पान्याला पाइप तर मुळीच नाही, असे बजावून ठेवले होते. खरे सांगतो आबा, चौथ्या दिवशी मी पाइप हातात घेतला होता. तो परत कोपऱ्यात ठेवला तो केवळ तुमच्या शब्दाखातर. नवव्या दिवशी संध्याकाळी फ्लायव्हील ज्वारीच्या दाण्याएवढे सरकले आणि मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही “आता उलट्या बाजूला तेवढेच” म्हणालात. त्या दिवशी मी जोर केला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या, आणि त्या मापाच्या रिंगा आज सहज मिळत नाहीत, हे तुम्ही नंतर रिंगा हातात देऊन दाखवलेत.

फ्लायव्हील काढण्याची रीतही लिहून ठेवतो, कारण त्या बाबतीत नुकसान करून घेणारे पुष्कळ असावेत. ते निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. तुम्ही जाड लोखंडी पट्टीला तीन भोके पाडून चाक ओढून काढायची ओढणी (पुलर) तयार केलीत, ती फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांच्या भोकांत बोल्टांनी बसवलीत, आणि मुख्य नट पूर्ण न काढता शेवटच्या आट्यांवर ठेवलात, म्हणजे दांड्याचे तोंड चेपू नये. मधला बोल्ट आवळून त्याच्या डोक्यावर एकच टोला दिलात आणि फ्लायव्हील ‘टक्’ करून सुटले.

त्याखाली मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, होता. कॉइलच्या आवरणाला तडे गेले होते आणि पॉइंटवर, म्हणजे ठिणगीच्या वेळी उघडझाप करणाऱ्या विजेच्या टोकांवर, हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. पॉइंट बारीक कानसीने साफ केल्यावर तुम्ही माझ्या वर्गाच्या वहीतला कोरा कागद मागितलात, त्याची पट्टी फाडून मिटलेल्या पॉइंटमधून ओढलीत आणि त्यावर उमटलेली काळी रेघ मला दाखवलीत. रेघ उमटेनाशी होईपर्यंत कागद बदलत राहायचे होते, आणि ते काम तुम्ही माझ्याकडून करून घेतलेत. मला अठरा पट्ट्या लागल्या. त्यानंतर वीस थाउचे (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), म्हणजे अर्धा मिलिमीटरचे फिलर गेज, ही फट मोजायची पातळ पट्टी, मध्ये घालून फट लावायला शिकवलेत; गेज सरकताना वहीच्या पानावरून बोट फिरवल्यासारखे किंचित अडले पाहिजे, असे तुम्ही सांगितलेत, आणि तो अडथळा माझ्या बोटांना कळेपर्यंत थांबलात.

कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल वाळून राळेसारखे झाले होते; ते धुतले, जेट मोकळे केले, गॅस्केट कापून बसवले. नळ्या मात्र सगळ्या नव्या घातल्यात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुने रबर खाते आणि पाणी धरते, म्हणून काम संपल्यावर नळी काढून कार्बोरेटर रिकामे होईपर्यंत इंजिन चालू द्यायचे, ही तुमची सूचना आप्पांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.

खालच्या गिअरपेटीचा दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्क्रू सोडल्यावर दुधाच्या चहासारखे ऑइल बाहेर आले. आत पाणी गेले आहे, हे तर मलाही समजले; पण नवीन ऑइल भरून मोकळे व्हावे असा माझा विचार होता. तुम्ही होडी ढकलणारा पाण्यातला पंखा काढायला लावलात, आणि त्यामागे दांड्याभोवती तंगूस गुंडाळलेली निघाली. नायलॉनचा तो बारीक धागा फिरता फिरता पाणी अडवणाऱ्या सीलच्या ओठात घुसला होता आणि त्याने सील गोल कापले होते. आप्पा बराच वेळ ती तंगूस बोटांत धरून बसले होते. ती त्यांच्याच जाळ्याची होती. सील कंपनीचेच हवे असा हट्ट न धरता तुम्ही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून जळगावच्या बेअरिंगच्या दुकानातून तंतोतंत तसले सील आणलेत. पंख्याच्या शिअर पिनेच्या जागी आम्ही कधीकाळी घातलेला खिळा काढून टाकलात आणि लेथवर पितळेच्या सहा पिना करून दिल्यात. पंखा ओंडक्याला अडला तर पिन तुटावी, गिअर तुटू नये, यासाठीच ती मऊ असते, हे आम्हाला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पंपातील रबरी इंपेलरसाठी, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकासाठी, मात्र आपल्याला तीन आठवडे थांबावे लागले, कारण मागवलेल्या ठिकाणाहून पहिल्यांदा चुकीच्या मापाचा आला. तुम्ही तो घासून बसवण्याचा प्रयत्न केला नाहीत, परत पाठवायला लावलात. योग्य मापाचा आल्यावर त्याला साबणाचे पाणी लावून, दांडा चालण्याच्या दिशेने फिरवत फिरवतच आवरणात उतरवलात, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतील.

आणि मग तो सातवा रविवार. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरून इंजिन त्यात लावले, कारण पाण्याबाहेर थोडा वेळ चालवले तरी इंपेलर जळू शकतो. पहिल्या टाकीपुरते लिटरला ४० मिली ऑइल घातले. पुढे २० मिली पुरेल असे तुम्ही सांगितलेत. दोरी आप्पांच्या हातात दिलीत. चौथ्या ओढीला ते पेटले, अंगणभर निळा धूर झाला, शेजारची मुले धावत आली. तुमचे मात्र कोणाकडेच लक्ष नव्हते. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुटताच तुम्ही तिच्याखाली तळहात धरलात, ती कोमट झाल्याची खात्री केलीत, आणि तेव्हाच पहिल्यांदा खुर्चीवर बसलात.

आबा, तुम्ही सगळे काम स्वतः दोन रविवारांत केले असते. प्रत्येक पाना माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या हातात देण्यासाठी तुम्ही सात रविवार घालवलेत. आज भाऊ स्वतः पॉइंट काढून लावतो. त्या वेळेबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे.

आप्पा आता वाऱ्याच्या भीतीने दुपारीच परत फिरत नाहीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वीस तास चालवल्यावर परवा गिअरपेटीचे थोडे ऑइल काचेच्या वाटीत काढून पाहिले. ते स्वच्छ आहे, मधाच्या रंगाचे आहे, पाण्याचा अंश नाही. महाशिवरात्रीला चांगदेवच्या यात्रेला तुम्ही येणारच आहात. त्या दिवशी काठावर होडी लावून ठेवतो. तुमच्या मापाचे लाइफ जॅकेट आणले आहे.

आपला कृतज्ञ,
आप्पांचा थोरला मुलगा