मागच्या सीटवर बसून एसी तपासणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या २०१०च्या आठ सीटर गाडीचा मागचा एसी तुम्ही सुरू केलात, आणि तोही कॉम्प्रेसरला हात न लावता. मनापासून आभार. हे चारचौघांत लिहायचं कारण असं की ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा जुन्या गाड्या अजून बऱ्याच घरांत आहेत, आणि त्यांच्या मालकांना जे ऐकवलं जातं तेच आम्हालाही ऐकवलं गेलं. आधी "गॅस कमी आहे". गॅस मारला, पुढे गारवा आणि मागे कोमट वारा, काही फरक नाही. मग आणखी गॅस. शेवटी निकाल लागला, "कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल."

हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही मागच्या कूलिंग कॉइलचं कव्हर उघडलं नव्हतं. राग येतो तो याचा. अशा गाडीत पुढच्या-मागच्या एसीला गॅस दाबणारा कॉम्प्रेसर एकच, तो गार करून द्रव करणारा कंडेन्सर एकच, गॅसही तोच. कंडेन्सरकडून आलेली लाइन पुढे दोन फाट्यांत वाटली जाते आणि प्रत्येक फाट्याला आपला एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारं बारीक तोंड), आपली कॉइल, आपला ब्लोअर म्हणजे पंखा असतो. डॅशबोर्डच्या जाळीतून ८ अंशांची हवा येत असताना कॉम्प्रेसर मेलेला कसा असेल? दोष मागच्या फाट्यातच असणार. एवढं कळायला महागडं मशीन लागत नाही. गाडीच्या मागच्या बाजूला जाण्याची तयारी मात्र लागते.

तुम्ही आधी वारा पाहिलात. ब्लोअर सगळ्या स्पीडवर फिरतो का, पाणी जायचा पाइप मोकळा आहे का, कॉइलच्या पत्र्यांत किती कचरा बसलाय. मागच्या कॉइलला बहुतेक जुन्या गाड्यांत फिल्टरच नसतो, आणि घोडबंदर रोडची धूळ खाल्लेली कॉइल कधीकधी गोधडीसारखी गच्च निघते. आमच्या कॉइलवर थर होता, पण वारा पुरेसा येत होता. म्हणजे अडचण गॅसच्या वाटेत होती.

इथे गॅसचा दाब दाखवणारं गेज फसवतं. मागचा व्हॉल्व्ह पूर्ण चोक झाला तरी पुढचा फाटा चालूच असतो, त्यामुळे निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या गेजवर नेहमीसारखं ३०-३५ पीएसआय दिसतं आणि बघणारा निश्चिंत होतो. तुम्ही गेज बाजूला ठेवून मागच्या व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांच्या पाइपांना हात लावलात. आत येणारा बारीक पाइप कोमट होता, म्हणजे तिथपर्यंत गॅस पोचत होता. कॉइलमधून परत जाणारा जाड पाइप गार आणि घाम फुटलेला हवा. तो कोरडा होता. मग तुम्ही विचारलंत, "सुरुवातीला गार होऊन मग बंद पडतं, की मुळातच गार होत नाही?" या प्रश्नाची किंमत जाणकारालाच कळेल. पंधरा-वीस मिनिटं गार, मग गरम, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा गार, असं असेल तर सिस्टिममध्ये ओलावा असतो आणि त्याचा बर्फ व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरतो. कधीच गार होत नसेल तर व्हॉल्व्ह कचऱ्याने तुंबलाय किंवा जाम झालाय. आमचं दुसरं होतं.

जुना गॅस मशीनने खेचून तुम्ही वजन दाखवलंत तेव्हा तर सगळाच उलगडा झाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर ८०० ग्रॅम, निघाला १०६० ग्रॅम. गॅस कमी कधीच नव्हता! जास्तीच्या गॅसने कंडेन्सर द्रवाने भरतो, वाफेला गार व्हायला जागा उरत नाही, लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं गेज चढतं आणि उन्हात, ट्रॅफिकमध्ये प्रेशर स्विच क्लच सोडवून कॉम्प्रेसर थांबवतो. तोच कट-ऑफ दाखवून आम्हाला कॉम्प्रेसर विकला जात होता.

पुढचं काम थोडक्यात: व्हॉल्व्हच्या जाळीत काळा गाळ निघाला. नवा व्हॉल्व्ह, ओलावा शोषणारा नवा ड्रायर, तेल लावून बसवलेल्या नव्या ओ-रिंग (सांध्यांतली रबरी कडी), काम चालू असेपर्यंत उघड्या पाइपांना टोप्या. व्हॉल्व्हचा तापमान ओळखणारा बल्ब जाड पाइपला घट्ट बांधून वर इन्सुलेशन टेप. ही टेप लोक विसरतात आणि मग व्हॉल्व्ह बाहेरच्या उष्णतेने चुकीचा उघडतो. गॅससोबत निघालं तेवढं कॉम्प्रेसरचं ऑइल मोजून परत, शिवाय ड्रायरचं म्हणून २० मिली. ४५ मिनिटं व्हॅक्यूम, तो धरतो का याची खात्री, आणि गॅस काट्यावर मोजून ८०० ग्रॅम.

पण दादा, आभार खरे त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहेत. तुम्ही सगळे दरवाजे लावून स्वतः तिसऱ्या रांगेत जाऊन बसलात. शेवटच्या जाळीत थर्मामीटर खोचून, इंजिन आयडलवर ठेवून, तुर्भ्याच्या भर दुपारी पंधरा मिनिटं तिथेच बसून राहिलात. आकडा ११ अंशांवर आला आणि तिथे टिकला, तेव्हाच उतरलात. बाकी सगळ्यांनी ड्रायव्हरच्या जाळीसमोर तळहात धरला होता. त्या मागच्या सीटवर घरातली म्हातारी माणसं आणि पोरं बसतात. उकडतं म्हणून ती फार बोलत नाहीत, बिलही ती देत नाहीत, म्हणून त्यांची जागा तपासावी असं सहसा कुणाला वाटत नाही. तुम्हाला ते वाटलं. हातात कसब असलेली माणसं पुष्कळ भेटतात. गाडीतल्या सगळ्यात मागच्या माणसाचा विचार करणारा कारागीर भेटला की शहराबद्दलच बरं वाटू लागतं. निघताना जुना व्हॉल्व्ह आणि ड्रायर पिशवीत घालून न मागता दिलेत, तेही लक्षात आहे.

आमच्या सोसायटीतली आणखी एक जुनी गाडी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. तिचा मागचा ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालतो, खालच्या स्पीडवर बंद. खालचे स्पीड देणारा रेझिस्टर जळला असावा. तिथला कनेक्टरही वितळलाय का ते पाहा, आणि ब्लोअर मोटर जड फिरून जास्त करंट तर ओढत नाही ना, तेही. नाहीतर नवा रेझिस्टर पुन्हा जळेल. त्या मालकांनाही गॅस भरून घ्यायला सांगितलं गेलंय. त्यांना थांबवून ठेवलंय.

आपले ऋणी,
कळव्याहून येणारे आठ सीटरवाले