बाबा, शुगर ६.८ आली, आता हार्टचंही बघूया

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच फोन तुझ्याकडे देतात आणि आपण दोघी भाजी काय केली यावर येतो, म्हणून या वेळी बसून लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस, कारण अर्धं पत्र तुझ्यासाठी पण आहे.

आधी बाबांचं कौतुक. तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती एचबीए१सी, ८.९ वरून ६.८ वर आणणं साधं नाही. सकाळी पाववाला पदेर आला की दोन उंडे घ्यायचे तिथे तुम्ही एकावर आलात, चहातली साखर सोडली, पावसात पण छत्री घेऊन देवळापर्यंत चालत राहिलात, मला खरंच अभिमान वाटला, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं मी. पण आईने पाठवलेल्या फोटोत त्याच रिपोर्टवर खाली एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बीपी १५२/८८ लिहिलेलं होतं, आणि त्याबद्दल घरात कोणीच काही बोललं नाही. शुगर कमी झाली म्हणजे सगळं झालं असं आपण सगळ्यांनीच धरून चाललोय, मी पण तशीच होते.

आता चवथीची गोष्ट. तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाहीये. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन तुम्ही रस्त्यावरून वर येत होता, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सुपाऱ्या आणि कांगलं. आपल्या त्या चिऱ्याच्या पायऱ्या, मोजून बावीस, त्यात तुम्ही तीनदा थांबलात. दुसऱ्यांदा थांबलात तेव्हा पिशवी पायरीवर ठेवून भिंतीला हात टेकलात, पाऊस नुकताच पडून गेलेला, हवा थंड होती, तरी शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं तर म्हणालात, गॅस धरलाय, सकाळपासून काही खाल्लं नाही ना. आणि मी पिशवी उचलली आणि आत गेले. घरात पाहुणे होते, आरतीची घाई होती. ती वेळ गेली ती गेली, पण तेव्हापासून रात्री झोपताना मला ती पायरीच दिसते.

बाबा, तुम्ही तीस वर्षं वीज खात्यात पोलावर चढलात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. शुगर बरीच वर्षं जास्त राहिली की वायरीचं इन्सुलेशन जसं आतल्या आत खराब होत जातं तसं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं, बाहेरून काही दिसत नाही. त्या खरखरीत जागी कोलेस्टेरॉल जाऊन बसतं, बीपी जास्त असेल तर त्या भिंतीवर रात्रंदिवस मार बसतो, आणि एक दिवस तो साचलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. डायबेटिस असलेल्या माणसाला हार्टचा त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, काही जणांत त्याहून जास्त. आणि तुमचा डायबेटिस चौदा वर्षांचा, म्हणजे गेल्या वर्षात शुगर सुधारली तरी आधीच्या तेरा वर्षांत जे व्हायचं ते थोडंफार होऊन बसलेलं असणार.

याहून मला भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. डायबेटिसमध्ये पायाच्या नसा जशा बधिर होतात (तुम्हाला चप्पल निसटलेली कळत नाही, आईनेच सांगितलं) तशाच हृदयाकडच्या नसा पण बधिर होऊ शकतात. मग छातीत कळ येतच नाही. अटॅक येऊन जातो आणि माणूस म्हणतो दम लागला, घाम आला, मळमळलं, जबडा दुखला, आज फार थकलो. धोक्याचा दिवा लावणारी वायरच गेली तर दिवा पेटणार कुठून. धाकट्या काकांचं असंच झालं ना. रात्री पोटात जळजळतं म्हणून ते दवाखान्यात गेले, तिथे ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही, आणि चार महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी ईसीजी काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्हाला अटॅक येऊन गेलाय, कधी आला होता? काकांना उत्तर देता येईना. म्हणून तो गॅस आता आपण तपासल्याशिवाय गॅस म्हणायचा नाही.

आणि ती गोळी. चवथीच्या दुसऱ्या दिवशी नेवऱ्यांसाठी वेलची शोधत होते तर मसाल्याच्या डब्यामागे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप मिळाल्या, एकही गोळी फोडलेली नव्हती, एकीवर हळदीचं बोट उमटलेलं. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून तुम्ही बंद केलीत, की या गोळीने शुगर वाढते, लिव्हर जातं. बाबा, शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, लपवत नाही, पण डायबेटिसवाल्यांना त्यातून हार्टसाठी जो फायदा मिळतो तो त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. २००४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २८०० हून जास्त डायबेटिसवाल्यांवरचा एक अभ्यास आला होता, त्यांना आधी हार्टचा काही त्रास नव्हता, एलडीएल पण फार नव्हतं, तरी १० मिलीग्रॅमची रोज एक गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ३७ टक्क्यांनी कमी झाले. मांड्या दुखतात असं वाटत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते डोस बदलतील, गोळी बदलतील. स्वतःहून बंद करून डब्यामागे ठेवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

मला सगळ्यात धीर ज्याने आला ते सांगते. डेन्मार्कमध्ये १६० डायबेटिसवाल्यांना घेऊन एक काम झालं, सगळ्यांच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं होतं. अर्ध्यांना नेहमीसारखं औषध, अर्ध्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं एकदम धरून सुधारलं, शिवाय खाणं, चालणं, सिगरेट सोडणं. साधारण आठ वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटात हार्टचे आणि रक्तवाहिन्यांचे त्रास जवळजवळ निम्मे. २१ वर्षांनी परत बघितलं तर ती माणसं सरासरी आठेक वर्षं जास्त जगली होती. आठ वर्षं बाबा! तुमची नात आता सहावीत आहे, तुम्हीच हिशोब करा.

आपल्याकडे हे घरोघरी आहे म्हणून कोणाला त्याचं काही वाटेनासं झालंय. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा सर्व्हे आला त्यात डायबेटिसमध्ये गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. म्हणजे आपल्या वाड्यावर भजनाला बसलेल्या चार मोठ्या माणसांत एकाला. सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर भीती जाते, हेच मला आवडत नाही.

आई, आता तू. तुझी शुगर पाच वर्षं 'बॉर्डरवर' आहे असं तू सांगतेस, पण गेल्या वेळी उपाशीपोटी १३४ होती, ती बॉर्डर नव्हे गं, १२६ किंवा त्याच्या वर गेली की डायबेटिसच धरतात, परत तपासून नक्की करायचं. बायकांना हार्टचा त्रास पुरुषांपेक्षा उशिरा होतो असं म्हणतात ना, डायबेटिस झाला की ती सवलत बरीचशी जाते. तू बाबांची गोळी, पथ्य, तारीख सगळं सांभाळतेस आणि स्वतःचा बीपी शेवटचा कधी मोजलास ते तुला आठवत नाही. दोघांचा मोजायचा.

खाण्याचं थोडंच सांगते. हुमण बंद करा असं मी म्हणणार नाही, मासळी खाच, फक्त रवा लावून तळलेली रोज नको. मीठ मात्र बघा. पेजेबरोबर खारवलेला बांगडा, वर लोणचं, दुपारी पापड, यातच दिवसाचं मीठ संपून वर जातं, दिवसभराचं सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा पुरे असं म्हणतात. बाबांचा बीपी तिथूनच थोडा उतरेल.

डॉक्टरांकडे गेल्यावर विचारायचं ते मी वहीत लिहिलंय. ईसीजी आणि त्यांना वाटलं तर इको, स्ट्रेस टेस्ट. लघवीत प्रोटीन जातंय का. बीपी १३० च्या खाली आणायला काय करायचं. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी काही हार्टला आणि किडनीला पण सांभाळतात, त्या बाबांना चालतील का. ॲस्पिरिन रोज घ्यायची की नाही हे पण तेच सांगतील, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आणि मी यायच्या आधी परत तसं झालं, दम, घाम, जबडा, काहीही, तर सोडा पिऊन वाट बघायची नाही, बाबांनी स्कूटर काढायची नाही, सरळ १०८. आता गोव्यात बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत तिथेच ईसीजी काढून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजातल्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवतात आणि लागलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच देतात, त्यामुळे लवकर पोचणं हेच महत्त्वाचं. आई, १०८ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव, घाबरलं की पाठ असलेला नंबर पण आठवत नाही.

मी गुरुवारी रात्रीच्या बसने निघतेय, शुक्रवारी सकाळी म्हापशाला उतरेन, भाऊ घ्यायला येतोय. शनिवारची साडेदहाची अपॉइंटमेंट दोघांच्या नावाने घेतलीय. जुने रिपोर्ट आणि त्या तीन स्ट्रिप एका पिशवीत घालून ठेवा. बाबा, मला घ्यायला पायऱ्या उतरून खाली येऊ नका, मी वर येते.

तुमची,
बाय