ओमनीतल्या पेट्रोलच्या वासाकडे काणाडोळा नको

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शाळेची मुले आणि भाजीची पोती अजूनही जुन्या ओमनीतून जातात. ‘जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच’ म्हणत काच खाली करणारे चालकही कमी नाहीत. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे पेट्रोलचा पाइप पाझरला की पेट्रोलची वाफ, हवेपेक्षा जड असल्याने, खालीच रेंगाळते. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट, स्टार्टर आणि ठिणग्या पाडणारे जुने वायरिंग.

रबरी पाइप मधे क्वचितच फुटतो; फुटतो तो क्लिपखाली. उष्णतेने कडक झालेले रबर रात्री गारठ्यात आकसते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला जोड पाझरतो. इंजिन तापले की गळती थांबल्यासारखी वाटते. म्हणून दुपारी गॅरेजला नेलेल्या गाडीत दोष सापडत नाही. पेट्रोल उडून जाते, पण जोडाशी धूळ धरलेला तपकिरी डाग राहतो, तो शोधावा. पाइप बोटांनी वाकवून पाहावा. केसासारख्या भेगा उघडल्या किंवा टोक फुगून मऊ लागले, तर तो गेला. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळण्याच्या जुन्या पद्धतीच्या गाडीत डिपस्टिकही (ऑइलची पातळी बघायची पट्टी) हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल, तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा आतला पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. ते सोसणारे भाग एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत सक्तीचे झाले; ओमनीचे उत्पादन 2019 मध्येच थांबले. तेव्हा फुटलेला तेवढा तुकडा बदलून भागत नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबर, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइप आणि टाकीच्या तोंडाचा पाइपसुद्धा, एकदम बदलावे. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब अर्ध्या बारच्याही (बार हे दाबाचे माप) आत असतो, पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत सुमारे 3 बार. इंजेक्शनसाठी पाइपवर ‘एसएई जे30 आर9’ हा छाप बघूनच घ्यावा. कार्बोरेटरलाही तो चालतो. काही ठिकाणी गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी लावून देतात. काही महिन्यांत ती लाकडासारखी होते आणि निपलवरून, म्हणजे पाइप चढवायच्या तोंडावरून, सुटते. हे काम नव्हे, फसवणूक आहे.

काम इंजिन थंड असताना आणि उघड्यावर करावे. आधी टाकीचे झाकण सैल करून दाब सोडावा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पाइप निपलवर अडीच सेंटिमीटर तरी चढला पाहिजे आणि क्लिप निपलच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. खाचांची पट्टी असलेली क्लिप आवळताना रबर कापते. गोल कडेची घ्यावी. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे हवा. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांचा लोखंडी पाइप चॅसिसच्या पट्ट्यांखाली गंजतो. त्यावर रबर चढवून वेळ मारून नेऊ नये, तेवढा भाग नवा घालावा. शेवटी इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, पुन्हा तेच.

चालकाच्या हाताला लागेल असे 2 किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक गाडीत असावे, त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात. धूर दिसताच चावी बंद करून आधी मुले उतरवावीत. सीट उचलून आत पाहू नये. हवा मिळताच ज्वाळा तोंडावर येते. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. 112 ला फोन करावा.

शाळेच्या गाड्यांच्या पासिंगला लाइट आणि ब्रेकबरोबर ही सीटही उचलून पाहिली जावी, अशी आमची परिवहन खात्याकडे मागणी आहे.

– जुन्या गाड्यांचे काम करणारे मेकॅनिक, बेळगाव