सगळेच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षेच्या ताणावर आपण नुकतीच तिघांची मतं छापलीत. तिघांच्याही नावापुढे ‘मानसोपचारतज्ज्ञ’. मजकूर वाचल्यावर उमगतं की एक डॉक्टर आहेत, दुसऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि तिसरे शाळेतले समुपदेशक. म्हणणं तिघांचंही पटलं, तक्रार त्या बिरुदाची आहे.

या एका शब्दापायी आमचे सात महिने गेले. धाकट्या बहिणीला धडधड व्हायची, रात्र रात्र झोप नसायची, हातात कप धरला की बशी वाजायची. कुणीतरी एका ‘मानसोपचारतज्ज्ञ’ बाईंचं नाव सुचवलं. दर शुक्रवारी पाऊण तास बोलणं, डायरी, श्वासाचे व्यायाम. वजन मात्र उतरतच होतं. बाई समुपदेशक होत्या. पावतीवर तसं छापलेलंही होतं, आम्हीच कधी वाचलं नाही. अखेर मनोविकारतज्ज्ञ गाठले. त्यांनी आधी नाडी पाहिली, गळा चाचपला आणि रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत होती!

मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो, म्हणून त्याचं लक्ष तिकडे गेलं. औषधं लिहायची तीही त्यानेच. लिथियमसारखं औषध चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण, मूत्रपिंड, थायरॉइड यांवर सतत नजर ठेवावी लागते. मानसशास्त्रज्ञाला बहुतेक ठिकाणी औषध लिहिता येत नाही (अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००२ साली जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना ती मुभा दिली, पण तो अपवाद). याउलट, लिफ्टच्या भीतीने रोज आठ मजले चढणाऱ्याला गोळ्यांनी फारसं काही साधत नाही. त्याला पायरी-पायरीने त्या भीतीसमोर उभं करणारी थेरपी लागते, आणि ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं काम. बुद्ध्यांक किंवा अध्ययन अक्षमतेच्या चाचण्याही त्याच्याकडेच. रुग्णालयातले मनोसामाजिक कार्यकर्ते तर बातम्यांत दिसतच नाहीत. रुग्ण घरी परतल्यावर नोकरीचं काय, घरच्यांना कसं समजवायचं, हे तेच निस्तरतात.

बहिणीला थायरॉइडच्या गोळ्यांनी उतार पडला. त्या समुपदेशक बाईंकडे ती अजून जाते, कारण नोकरीतली घुसमट खरीच होती, आणि त्यावर बोलायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस तिला भेटलेलं नाही. फक्त त्या कोण आहेत हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

तेव्हा यापुढे नावासोबत पदवी आणि नेमकं काम छापाल का? जागा अर्ध्या ओळीची लागेल.

आपली,
एक वाचक