मंत्रिमहोदय, रंगाऱ्याच्या आधी शिलालेख वाचणारा पाठवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

पुण्यातल्या सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. आपण कधी आलात तर आत जाण्याआधी दर्शनी भिंतीसमोर पाच मिनिटे उभे राहा, एवढीच विनंती. काळ्या पाषाणात द्वारपाल, हत्ती, पोपट, चौकटीवर गजलक्ष्मी, असा सगळा थाट आहे. पण लहान मुले बोट दाखवतात ते गेंड्याकडे. गणवेशातले गोरे शिपाई त्याला साखळदंडाने बांधताहेत. पेशवाईतल्या पुण्यात, गणपतीच्या दारात गेंडा कशाला आला?

पेठेत याचे उत्तर तयार असते. गेंडा म्हणजे बंगाल, आणि तो बांधला इंग्रजांनी. देवळाचे काम 1754 मध्ये सुरू होऊन 1770 मध्ये पुरे झाले आणि प्लासीची लढाई झाली 1757 मध्ये, म्हणजे हिशेब जुळतो. काही जण हौसेने त्यात आसामही घालतात. तो कंपनीच्या हाती 1826 मध्ये गेला, तेव्हा तेवढा भाग सोडून द्यावा. उरलेल्या गोष्टीवरही मी पैज लावणार नाही, पण पुण्यात बसलेल्या कुणाला तरी बंगालचे वर्तमान दगडात कोरून ठेवावेसे वाटले असेल, ही कल्पना मला सोडवत नाही.

देऊळ बांधले इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसाव्यांनी. त्या काळचे गोसावी म्हणजे नुसते जटा वाढवलेले साधू नव्हेत. मठही चालवायचे आणि व्यापार, सावकारीही. या भागाचे गोसावीपुरा हे जुने नाव त्यांच्यामुळेच. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फार्सी. त्यावरून आणि मागच्या भिंतीवरच्या लिंगोद्भव, म्हणजे लिंगातून प्रकटणाऱ्या शिवाच्या, शिल्पावरून जाणकार सांगतात की हे देऊळ मुळात शिवाचे म्हणून योजले होते. आज आत बसला आहे तो तीन सोंडांचा, मोरावर आरूढ झालेला गणपती. खाली तळघरात समाधी आहे. शिव, गणपती, गोसाव्याची समाधी आणि भिंतीवर फार्सी, हे सगळे एकाच छपराखाली. शिलालेख नसते, तर यातले निम्मे आज आपल्याला कळलेही नसते.

आता माझे दुखणे. मी वाढलो त्या आळीतले देऊळ याच्या पासंगालाही पुरणार नाही. त्याच्या पायरीवर दीड ओळ अक्षरे होती. आजी त्यावर पाय न ठेवता ओलांडून जायची, आम्हालाही टांग टाकायला लावायची. काय लिहिले आहे ते तिला ठाऊक नव्हते, "कुणीतरी नवस फेडलाय," एवढेच म्हणायची. पुढे जीर्णोद्धाराला निधी आला. पायरीवर चकचकीत फरशी बसली, दीपमाळेला पिवळा ऑइलपेंट लागला, देणगीदारांची संगमरवरी पाटी भिंतीत चढली. ती दीड ओळ फरशीखाली गेली. तिचा फोटोदेखील कुणाकडे नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. सगळे भाविक, आणि पैसे रीतसर मंजूर झालेले.

महोदय, ऑइलपेंटने दगड शोभतो असे वाटते, पण त्याने दगडाचा श्वास कोंडतो. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार पृष्ठभागामागे साचतात आणि काही पावसाळ्यांनी पापुद्रे सुटू लागतात. अक्षरे असतात ती नेमकी त्याच पापुद्र्यावर. चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरले की तीच गत होते.

मोठ्या प्राचीन मंदिरांच्या जतनाकडे शासनाचे लक्ष जाते, ते चांगलेच आहे. पेठेतल्या, वाडीतल्या देवळाकडे मात्र सरकार निधीच्या रूपातच येते, आणि निधीपाठोपाठ फरशी येते. म्हणून मागणी एवढीच: कोणत्याही जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसा देण्याआधी, लिपी वाचू शकणारा एक माणूस तिथे पाठवा. ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून, शाई फिरवून ठसा घ्यायला सकाळ-दुपार पुरते. सोबत फोटो काढावेत आणि शेजारच्या चार म्हाताऱ्यांना बोलते करावे.

हे शेवटचे क्षुल्लक समजू नका. पुण्यातल्याच पासोड्या विठोबाच्या देवळासमोर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणे, विकल्या जात, म्हणून ते नाव. पासोड्यांचा बाजार उठला, नाव राहिले. सांगणारे गेले की नावाला अर्थ उरणार नाही. पाटी लावायची तर त्यावर लेखात काय आहे ते वेगळे लिहा आणि लोक काय सांगतात ते वेगळे. दोन्ही हवे आहे, फक्त कालवू नका. गेंड्याखाली "लोक असे सांगतात" हे तीन शब्द आले तर त्याचा मान कमी होत नाही.

त्रिशुंड गणपतीचे तळघर एरवी बंद असते, गुरुपौर्णिमेला उघडतात. त्या दिवशी जमले तर या. हारतुरे नकोत, सोबत आपल्या पुरातत्त्व खात्यातला एखादा लिपी जाणणारा माणूस तेवढा आणा. आमच्या आळीतली फरशी उचलायची विश्वस्तांकडून परवानगी मिळवण्याचे काम माझे.

आपला,
पेठेतला एक रहिवासी