फॉर्म भरतो, पण पोचपावती द्या

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भागात एखादी चोरी झाली की दुसऱ्या दिवशी पंचापासून शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच चालू होतं, भायल्यांचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं, व्हेरिफिकेशन करा, एकेकाचे कागद तपासा. माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर भाड्याच्या लोभापायी बोलतोय म्हणायला लोक मोकळे. म्हापशात माझ्या दोन खोल्या भाड्याने आहेत आणि प्रत्येक भाडेकरूचा फॉर्म मी स्वतः पोलीस स्टेशनात नेऊन देतो, नाही दिला तर दंड मलाच. आणि सुरक्षेची काळजी मलाही आहेच हो. आपल्या गोव्यात मुरगाव बंदर आहे, दाबोळीला नेव्हीचा तळ आहे आणि 26/11 चे दहाजण कुबेर नावाची मच्छीमारी बोट पळवून समुद्रातूनच मुंबईत शिरले होते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, बोटींची तपासणी वाढली, कोणी फार कुरकुर केली नाही.

पण हे जे कागद आपण देतो त्यांचं पुढे काय होतं?

मध्यंतरी बाजारात झेरॉक्स काढायला गेलो होतो. दुकानदाराने माझा हिशोब एका चुकलेल्या कॉपीच्या पाठीवर केला आणि तोच कागद मला दिला. उलटून बघतो तर ओडिशातल्या कुठल्यातरी पोराचं आधार कार्ड, फोटो, जन्मतारीख, गावचा पत्ता, बाराच्या बारा आकडे स्वच्छ. काउंटरखाली असल्या कागदांचा गठ्ठाच होता. विचारलं तर म्हणतो, कागद वाया कशाला घालवायचा. आता त्या पोराला कोणी सांगायचं की तुझं आधार म्हापशात हिशोबाच्या चिठ्ठीसाठी वापरतायत?

बरं, दुकानदाराला काय बोलायचं, सरकारी टेबलावर तरी वेगळं काय आहे. मी फॉर्म दिला, हवालदाराने फायलीत टाकला, संपलं. शिक्का मागितला तर मिळतो, तोही मूड असेल तर. भाडेकरू सहा महिन्यांनी खोली सोडून गावी गेला तरी त्याचा कागद तिथेच. किती वर्षं ठेवणार, कोण कोण बघणार, नंतर नष्ट करणार की नाही, याचं उत्तर मला आजवर कोणीही दिलेलं नाही. एकदा विचारलं तर "तुम्हाला कशाला पाहिजे?" असा उलटा सवाल.

आणि एवढं करून कोण सापडतं? डेव्हिड हेडलीचं उदाहरण घ्या. 26/11 ची रेकी केलेला हा माणूस 2009 मध्ये पुन्हा भारतात आला तेव्हा गोव्यातही येऊन गेला. त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट, भारताचा व्हिसा, दाऊद गिलानीचं डेव्हिड हेडली हे नावसुद्धा कायदेशीर बदलून घेतलेलं. कागद एकदम ओके. असा माणूस फॉर्मने सापडत नाही, त्याला माहिती काढणारे, माग ठेवणारे पोलीस लागतात, आणि आपले पोलीस तर झेरॉक्स फायलीला लावत बसलेत. शिवाय हा सगळा जोर कोणावर, तर बांधकामावरचा मजूर, हॉटेलातला वेटर, भाजीवाला. आसगाव, शिवोलीकडे दिल्लीवाल्यांनी व्हिला घेतलेत, दर आठवड्याला नवीन गाड्या नवीन माणसं, तिथे गेट वाजवून कागद मागायला कोण जातो ते मला बघायचंय.

यूएपीएसारख्या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन मिळणं किती कठीण असतं, एनएसए म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटल्याशिवाय बारा महिने आत ठेवता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे, त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. पण ते थोड्यांच्या नशिबी येतं. हा फॉर्म मात्र घरोघरी पोचलाय, म्हणून त्यावरच बोलतोय.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, खरी गरज हवी आणि गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही. यात पोलिसांचे हात बांधण्यासारखं काय आहे सांगा. पण 2023 मध्ये लोकांच्या खाजगी डिजिटल माहितीचा, डेटाचा, जो कायदा आला त्यात देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली केंद्र आपल्या कुठल्याही यंत्रणेला सूट देऊ शकतं, म्हणजे खाजगी कंपन्यांना कायदा लागू आणि ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त माहिती जमा होते ते सुटू शकतात.

गोंयकाराला तर हे कोणी शिकवायची गरजच नाही. 18 जून 1946 ला मडगावात राममनोहर लोहिया पोर्तुगीज राजवटीत बोलायला उभे राहिले ते नागरी स्वातंत्र्यासाठी. सभेला परवानगी लागायची, छापायला परवानगी लागायची, लग्नाची आमंत्रण पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट हे सगळं राज्याच्या सुरक्षेसाठीच आहे म्हणायची. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांना कोर्ट मार्शल करून पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. आजचं सरकार तसलं आहे असा माझा आरोप अजिबात नाही, हे आपण मतं देऊन आणलंय, त्यामुळे चार प्रश्न विचारले तर कोणाला राग यायचं कारण नाही. पण दरवर्षी 18 जूनच्या क्रांतिदिनाला पुतळ्याला हार घालणारे आमदार विधानसभेत एकदा तरी विचारतील का, की भाडेकरूंचे किती फॉर्म पडून आहेत आणि त्यातून किती गुन्हे उघडकीला आले?

मला फार काही नकोय. फॉर्म दिल्यावर तारखेची पोचपावती हवी. भाडेकरू गेला की मी कळवीन, मग ठराविक मुदतीत त्याचा कागद नष्ट व्हावा, आणि चौकशीशिवाय कोणी फाईल उघडली तर त्याची नोंद व्हावी. आधारचा पूर्ण नंबर नको, मास्क्ड आधार चालवून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्याच वेबसाईटवर मिळतं. गंमत म्हणजे मे 2022 मध्ये आधारच्या बेंगळुरू ऑफिसने लोकांना हेच वापरा म्हणून प्रेसनोट काढली होती, दोन दिवसांत केंद्राने ती मागे घेतली, का तर म्हणे लोकांचा गैरसमज होईल.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे नवीन भाडेकरू येतोय. त्याच्या फॉर्मला मी मास्क्ड कॉपीच लावणार आहे. नाही घेतली तर का नाही ते लेखी मागणार, आणि मिळालेलं उत्तर तुमच्याकडे छापायला पाठवीन.

एक घरमालक, म्हापसा